चाळीस टक्के नेमार कोणाचा?

२०२५ च्या जानेवारीच्या अखेरीस नेमार सांतोसला परतला, तेव्हा व्हिला बेल्मिरोच्या जुन्या मैदानात त्याला पाहण्यासाठी हजारो माणसे लोटली. एकविसाव्या वर्षी बार्सिलोनाला गेलेला हा खेळाडू जवळजवळ बारा वर्षांनी, गुडघ्याची मोठी शस्त्रक्रिया पचवून, तेहतिशीच्या उंबरठ्यावर घरी येत होता. त्याच्याविषयी बोलणाऱ्यांचे तेव्हापासून दोन पंथ दिसतात. एक पंथ म्हणतो की, हा पैशामागे धावला आणि अंगची दैवी देणगी त्याने मातीत घातली. दुसरा पंथ म्हणतो की, मोजी दास क्रुझेसमधल्या एका सामान्य घरातला पोरगा जगातला सर्वांत महाग खेळाडू झाला. बाजाराने त्याला जे दिले ते दुसरी कोणती व्यवस्था देणार होती? पहिल्याचा सूर नीतीचा, दुसऱ्याचा यशाचा. परंतु दोघेही एकच प्रश्न टाळतात. तो असा की, हा खेळाडू वेळोवेळी कोणाच्या मालकीचा होता, आणि त्या मालकांना हिशेब विचारण्याचा अधिकार कोणाला होता?

हा प्रश्न अलंकारिक नाही. २००९ साली नेमार अवघा सतरा वर्षांचा होता. ब्राझीलमधील एका सुपरमार्केट-साखळीच्या मालकांनी डीआयएस नावाची कंपनी काढली होती. तिने त्या वर्षी नेमारच्या ‘आर्थिक हक्कां’चा ४० टक्के हिस्सा सुमारे ५० लाख रेआलला विकत घेतला. आर्थिक हक्क म्हणजे पुढे तो विकला गेला तर येणाऱ्या किमतीतला वाटा. पुढच्याच वर्षी आणखी एका गुंतवणूकदार कंपनीने ५ टक्के घेतले. सांतोसकडे उरले ५५ टक्के. चेंडू घेऊन धावणारा पोरगा एक आणि त्याचे धनी तीन! तांदूळ-साबण विकून साठलेला नफा कोठे गुंतवावा? जमिनीत गुंतवावा, रोख्यांत गुंतवावा, नाही तर सतरा वर्षांच्या मुलाच्या पायांत गुंतवावा. व्यापाऱ्याच्या वहीत या तिन्ही नोंदी एकाच शाईने होतात.

ही व्यवस्था आली कोठून, हे समजून घेतले पाहिजे. ब्राझीलमध्ये पूर्वी ‘पासे’ची पद्धत होती. करार संपला तरी खेळाडू क्लबचाच राही. क्लबने सोडचिठ्ठी दिल्याविना त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. १९९५ च्या डिसेंबरात युरोपीय न्यायालयाने बोस्मन खटल्यात निकाल दिला की, करार संपलेला खेळाडू युरोपीय समुदायातल्या दुसऱ्या देशाच्या क्लबाकडे जात असेल तर त्याच्यासाठी पैसे मागता येणार नाहीत. १९९८ साली ब्राझीलने पेलेच्या नावाने ओळखला जाणारा कायदा करून ‘पासे’ची पद्धत मोडीत काढण्याचे ठरवले. कायदा योग्यच होता, त्याविषयी दुमत नको. परंतु बेडी तोडणे ही एक गोष्ट आणि तुटलेल्या बेडीचे लोखंड कोणाच्या हाती जाते हे पाहणे ही दुसरी. कर्जात बुडालेल्या क्लबांना रोकड हवी होती, धनिकांना नवा सट्टा हवा होता. क्लब मुलाच्या उद्याच्या किमतीचे तुकडे पाडून विकू लागले. जागतिक फुटबॉल महासंघाने अशा त्रयस्थ मालकीवर बंदी घातली ती २०१५ च्या मे महिन्यापासून, म्हणजे नेमार विकला जाऊन दोन वर्षे झाल्यावर.

त्या विक्रीची गोष्ट तर अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावी अशी आहे. २०१३ साली बार्सिलोनाने किंमत सांगितली ५ कोटी ७१ लाख युरो. त्यातले १ कोटी ७१ लाख सांतोसला मिळाले आणि तब्बल ४ कोटी गेले ते नेमारच्या आईवडिलांच्या कंपनीला. ज्या क्लबाने त्याला अकराव्या वर्षापासून घडवले त्याला एक वाटा आणि बाहेर ठेवलेल्या कंपनीला दुपटीहून अधिक! डीआयएसच्या पदरात त्या १ कोटी ७१ लाखांचे ४० टक्के, म्हणजे सुमारे ६८ लाख पडले, आणि आपण फसवलो गेलो म्हणून ती न्यायालयात गेली. दीर्घ खटल्यानंतर २०२२ च्या डिसेंबरात स्पेनमधील न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष ठरवले. त्या निकालाचा मान राखूनच मी लिहीत आहे. कोणी गुन्हा केला असे मला म्हणायचे नाही. माझी तक्रार याहून गंभीर आहे. हे सारे गुन्हा न करताही होऊ शकते, ही ती तक्रार आहे.

यानंतरचा टप्पा २०१७ सालचा. पॅरिस सेंट-जर्मेन हा क्लब २०११ पासून कतारच्या सरकारी गुंतवणूक-संस्थेकडे आहे. त्या क्लबाने नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले. त्याआधीचा विक्रम १० कोटी ५० लाखांचा होता. तो एका उडीत दुपटीच्या पलीकडे गेला. हे पैसे फुटबॉलच्या नफ्यातोट्याचा विचार करून दिले गेले, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये शेजारी राष्ट्रांनी कतारची नाकेबंदी केली होती, आणि २०२२ ची विश्वचषक स्पर्धा कतारला भरवायची होती. एका छोट्या श्रीमंत राज्याला जगापुढे आपला चेहरा उजळ करून घ्यायचा होता, आणि त्यासाठी नेमारचे हास्य उपयोगी होते. स्पेनच्या कायद्याची गंमत अशी की, ठरलेली रक्कम भरून करारातून मोकळे होण्याचा हक्क कागदोपत्री खेळाडूचाच असतो. माणसाने स्वतःला विकत घ्यायचे, दुसऱ्याच्या पैशाने, आणि लगेच त्या दुसऱ्याचे व्हायचे!

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. करोडपती खेळाडूला गुलाम म्हणण्याचा उथळपणा मी करणार नाही. ब्राझीलने गुलामगिरी रद्द केली ती १८८८ साली, अमेरिका खंडांत सर्वांत शेवटी. सांतोस बंदरातून जी कॉफी जगभर गेली तिच्यामागे त्या माणसांचा घाम आहे. त्यांच्याशी नेमारची तुलना करणे हा त्यांचा अपमान होईल. मात्र एक साम्य नाकारता येत नाही. त्याच बंदराच्या गावातून आता खेळाडू निर्यात होतात. कच्चा माल बाहेर जातो, त्याच्यावर प्रक्रिया परक्या देशात होते आणि तयार वस्तू घरच्या माणसांना दाम मोजून पाहावी लागते. दादाभाईंच्या देशातल्या वाचकाला हा व्यवहार उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि हा व्यवहार आपल्यापासून दूरही राहिलेला नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नेमार सौदी अरेबियाच्या अल हिलालकडे गेला. त्या क्लबाचा मोठा हिस्सा काही आठवड्यांपूर्वीच सौदी राज्याच्या गुंतवणूक-निधीकडे आला होता. आशियाई स्पर्धेत अल हिलाल आणि मुंबई सिटी एकाच गटात आले, आणि नेमार नवी मुंबईत खेळणार म्हणून आपल्याकडे केवढा उत्साह उसळला! ऑक्टोबरात माँटेव्हिडिओच्या सामन्यात त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. नोव्हेंबरात नेरूळच्या मैदानात सामना झाला तो नेमारविना. मुंबई सिटीची बहुमताची मालकी तेव्हा अबू धाबीच्या पैशावर उभ्या असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपकडे होती. म्हणजे आपल्या अंगणात त्या संध्याकाळी दोन तेलसंपन्न राजघराण्यांची भांडवले एकमेकांविरुद्ध खेळत होती, आणि आपण टाळ्या वाजवत होतो. नेमार अल हिलालसाठी उण्यापुऱ्या सात सामन्यांत खेळला आणि करार मोडून परतला.

आता दुसऱ्या पंथाकडे वळतो. बाजाराने गरिबाच्या पोराला श्रीमंत केले, हे त्यांचे म्हणणे एका पोरापुरते खरे आहे. पण बाकीच्यांचे काय? ब्राझीलच्याच फुटबॉल महासंघाच्या २०१५ सालच्या आकडेवारीनुसार नोंदणीकृत व्यावसायिक खेळाडूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक जण महिन्याला १,००० रेआलपर्यंतच मिळवत होते; त्या वर्षी तेथील किमान वेतन ७८८ रेआल होते. एवढेही ज्यांच्या वाट्याला आले नाही त्यांची कथा रिओमधल्या फ्लामेंगो क्लबाने सांगावी. २०१७ साली फ्लामेंगोने विनिसियस ज्युनियर या सोळा वर्षांच्या मुलाचा सौदा रेआल माद्रिदशी केला, ४ कोटी ५० लाख युरोंना. अठरा वर्षांखालील खेळाडूला परदेशी नेता येत नाही, म्हणून माल आधी ठरवायचा आणि वयात आल्यावर उचलायचा, अशी ही रीत. विनिसियस २०१८ मध्ये गेला. त्यानंतर सात-आठ महिन्यांतच, ८ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे, त्याच क्लबाच्या प्रशिक्षण-केंद्रात आग लागली आणि चौदा ते सोळा वर्षांची दहा मुले झोपेतच होरपळून मेली. ती लोखंडी कंटेनरांच्या बनवलेल्या खोल्यांत झोपत होती. महापालिकेच्या कागदपत्रांत ती जागा वाहने उभी करण्यासाठी दाखवलेली होती.

यशाच्या कथा सांगणाऱ्यांनी ही दहा मुले आपल्या हिशेबात कोणत्या रकान्यात मांडायची ते एकदा सांगावे. त्यांची स्वप्ने विनिसियसचीच होती. फरक एवढाच की, त्यांचा भाव अजून ठरायचा होता. आणि ज्याचा भाव ठरलेला नाही त्याच्या छपराची काळजी बाजार करीत नाही.

पहिल्या पंथाला, म्हणजे लोभाचा ठपका ठेवणाऱ्यांना, सॉक्रेटिसची आठवण करून देणे आवडते. मलाही तो खेळाडू प्रिय आहे. पेशाने डॉक्टर असलेला हा माणूस लष्करी राजवटीत कोरिंथियन्स क्लबात उभा राहिला. तेथे खेळाडूंपासून साहाय्यक कर्मचाऱ्यांपर्यंत प्रत्येकाला एक मत होते, आणि संघाचे निर्णय मतदानाने होत. १९८४ साली साओ पाउलोच्या प्रचंड सभेत त्याने जाहीर केले की, अध्यक्षाची थेट निवडणूक देणारी घटनादुरुस्ती मंजूर झाली तर मी देश सोडणार नाही. २५ एप्रिलला ती दुरुस्ती आवश्यक मतांअभावी पडली, आणि तो इटलीत फिओरेंटिनाकडे गेला. त्याच्या युरोपगमनाला जनतेच्या मताची अट होती. उलट नेमारने २०२२ च्या निवडणुकीत बोल्सोनारो यांची बाजू उघडपणे घेतली. तेव्हा सॉक्रेटिस थोर आणि नेमार खुजा, असे म्हणून मोकळे व्हावे काय?

तसे करणे सोपे आहे, म्हणूनच ते अपुरे आहे. सॉक्रेटिस एकटा थोर नव्हता. त्याच्या भोवती मत मांडणारे सहकारी होते, एक संघटना होती, रस्त्यावर उतरलेली जनता होती. नेमारच्या भोवती सतराव्या वर्षापासून भागधारक होते. ज्याला घडत्या वयात प्रत्येकाने टक्क्यांत मोजले, त्याने जगाकडे टक्क्यांतच पाहिले तर नवल ते कसले? त्याला दोषमुक्त करावे असे मी म्हणत नाही. त्याला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मालकांना साक्षीदारांच्या बाकावर बसवू नये, एवढेच म्हणतो.

मग उपाय काय? उत्तराचा धागा याच कथेत आहे. बार्सिलोनाच्या त्या व्यवहाराचे खरे आकडे बाहेर आले कसे? क्लबाच्या एका सामान्य सभासदाने २०१३ च्या अखेरीस न्यायालयात तक्रार केली म्हणून. जानेवारी २०१४ मध्ये अध्यक्षाला पायउतार व्हावे लागले. बार्सिलोना हा सभासदांच्या मालकीचा क्लब आहे. सभासदांच्या मालकीने तेथील कारभार शुद्ध राहिला नाही हे खरे, परंतु प्रश्न विचारण्याचा हक्क शाबूत राहिला. पॅरिसमध्ये असा प्रश्न कोण विचारणार होते? रियाधमध्ये कोण? आणि ब्राझीलने तर २०२१ च्या कायद्याने क्लबांचेच रूपांतर विकाऊ कंपन्यांत करण्याची वाट मोकळी केली आहे. २०२३ मध्ये बाहिया हा जुना लोकप्रिय क्लब त्याच सिटी फुटबॉल ग्रुपकडे गेला. पूर्वी खेळाडूचे ४० टक्के विकले जात, आता क्लबाचे नव्वद टक्के विकले जातात.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. क्लबावर सभासदांचे बहुमत हवे आणि प्रत्येक सौद्याची वही त्यांच्यापुढे उघडी हवी. बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांना परदेशी विक्रीतून आज अवघे ५ टक्के वाटून मिळतात. तो वाटा वाढला पाहिजे आणि त्यातला पहिला पैसा मुलांच्या सुरक्षित निवासावर खर्च झाला पाहिजे. सोळा वर्षांच्या मुलाचा आगाऊ सौदा पूर्णपणे बंद झाला पाहिजे. यांतली एकही मागणी खेळाच्या आनंदाच्या आड येत नाही. नेमारचा चेंडू पायाला चिकटल्यासारखा नाचे, तो आनंद कोणाही गुंतवणूकदाराने निर्माण केलेला नव्हता. त्या आनंदाचे ४० टक्के कोणाच्या नावावर चढवण्याचा अधिकार कोणालाही नव्हता, नेमारच्या बापालाही नव्हता.