पार्टचे पैसे देतो, शोधण्याचे नाही

माझी गाडी १८ वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात ती मधूनच तापायला लागली. चार दिवस ठीक चालायची आणि पाचव्या दिवशी काटा लालवर. गॅरेजवाल्याने आधी थर्मोस्टॅट बदलला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, तेव्हा वॉटर पंप बदलला. तिसऱ्या खेपेला म्हणाला, ‘हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल.’ तोवर माझे साडेसहा हजार गेले होते.

इंजिन खोलण्याआधी अब्बांच्या ओळखीतल्या एका वयस्कर उस्तादांकडे गेलो. बॉनेटला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, “कधी तापते?”

सिग्नलला, गर्दीत. हायवेवर नाही.

“पाणी कमी होतं?”

नाही.

अर्धा शोध इथेच लागला होता. गाडी वेगात असताना समोरचा वारा रेडिएटर गार ठेवतो. उभी असली की ते काम एकट्या फॅनचं. हायवेवर किंवा घाटात तापली असती, तर रेडिएटर तुंबल्याचा संशय आधी घेतला असता. गॅस्केट गेलं असतं, तर बहुधा पाणीही घटलं असतं.

मग गाडी चालू ठेवून उस्ताद टेस्ट लॅम्प घेऊन बसले. दोनदा फॅन वेळेवर फिरला. तिसऱ्यांदा काटा चढला, तरी फॅन ढिम्म. फॅनच्या सॉकेटला लॅम्प लावला तर तो पेटला. म्हणजे फ्यूज, रिले, स्विच ठीक. करंट मोटरपर्यंत येत होता. त्यांनी मोटरच्या पाठीवर लाकडी दांडक्याने हलकेच ठोकलं आणि फॅन गरगरू लागला. मोटरमधले कार्बन झिजले होते. कधी टेकत, कधी नाही.

कार्बनचे झाले दीडशे. मजुरी विचारली, तर म्हणाले, “द्या समजून.” मी दोनशेची नोट काढली आणि माझीच मला लाज वाटली. चुकीच्या दोन पार्टांचं बिल मी मुकाट्याने भरलं होतं. दोन तास खपून दोष शोधणाऱ्याला देताना मात्र हात आखडला.

मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलत सुटतात, अशी तक्रार आपण करतो. ती खरीच आहे. पण पार्टच्या बिलावर कुणी हुज्जत घालत नाही, मजुरीवर सगळे घालतात. शोधण्याचा मोबदलाच मिळत नसेल, तर शोधत कोण बसेल?

आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी पोरं शाळा सुटली की गॅरेजात लागतात. ती दोष शोधायला शिकणार की नुसते नटबोल्ट फिरवायला, हे उस्तादाइतकंच गिऱ्हाइकावरही अवलंबून आहे. म्हणून आता गॅरेजात गेलो की मी आधीच सांगतो, काही बदलू नका, आधी शोधा. शोधण्याचे पैसे वेगळे देईन.