साखर कोणाच्या मुखी?

ज्या जंतूचे नाव एरवी पोटाच्या विकारांच्या संदर्भातच कानी येते, त्या ‘ई. कोलाय’कडून इंधन करवून घेण्याची विद्या शास्त्रज्ञांनी हस्तगत केली आहे. २००८ साली अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे थॉमस वुड यांनी या जंतूची सहा जनुके काढून टाकल्याचे आणि साखरेवर पोसलेला हा नवा जंतू मूळच्या १४० पट हायड्रोजन देत असल्याचे जाहीर केले. हे यश थोर आहे, यात शंका नाही. हायड्रोजन जळाला म्हणजे कार्बनचा धूर होत नाही, पाणी होते.

परंतु कौतुक आटोपल्यावर हिशेब मांडणे प्राप्त आहे. हा जंतू आपल्या स्वाभाविक मार्गाने ग्लुकोजच्या एका रेणूपासून हायड्रोजनचे फार तर दोन रेणू देतो. म्हणजे एक किलो हायड्रोजनसाठी त्याला निदान ४५ किलो ग्लुकोज चारले पाहिजे; आणि त्या एका किलोत उष्णता असते ती पावणेचार लिटर पेट्रोलइतकी! जनुकांच्या काटछाटीने जंतूचा आळस जाईल. रसायनशास्त्राचे नियम बदलणार नाहीत.

मग ही साखर आणायची कोठून? महाराष्ट्राची नजर साहजिकच उसाकडे जाईल. पण डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले होते, याचे विस्मरण होऊ नये. अन्न आणि इंधन यांच्या ओढाताणीत कारखानदार व शेतकरी दोघेही कसे अडचणीत येतात, ते तेव्हा दिसलेच.

म्हणून आमचे म्हणणे असे की, जंतूला माणसाच्या ताटातले वाढू नये, उष्टे वाढावे. शेतात पेटवून दिले जाणारे पाचट, पेंढा, भाजीमंडईतील नासका माल हेच त्याचे खरे खाद्य होय. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शेतीच्या अवशेषांपासून जंतूंकरवी हायड्रोजन मिळवण्याचे काम केलेच आहे. पाचटातील कठीण तंतू फोडून त्यांची साखर करणे, हे यातील अवघड काम आहे. जनुकशास्त्राने आपली बुद्धी तेथे खर्च करावी.

२०२३ साली सरकारने हरित हायड्रोजन मोहिमेसाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. त्यातील थोडा वाटा या कामाला मिळाला, तर तो पैसा वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.