नवं मशीन कशाला? आधी स्क्रू फिरवा!

सोसायटीच्या मीटिंगमधला लाडका ठराव: 'हाताने ढकलायचं लॉन मूव्हर भंगारात काढा, पेट्रोलवालं आणा.' मंडळी, माझा याला साफ विरोध आहे. मशीन बिघडलेलं नाहीये, त्याची देखभाल कोणी केलेली नाही!

१८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने कापड गिरणीतल्या यंत्रावरून हे बनवलं. तत्त्व आजही तेच. फिरणारी पाती आणि खाली स्थिर पट्टी, म्हणजे चक्क कात्री. दोघांत अंतर पडलं की गवत कापलं न जाता फाटतं, शेंडे तपकिरी पडतात. आणि बोलणी कोण खातं? माळीकाका!

उपाय सोपा आहे. पाती आणि पट्टीमध्ये कागद धरून पाती हळूच फिरवा (बोटं लांब ठेवून!). कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत कापला गेला पाहिजे. नाही गेला तर दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे थोडे फिरवा. फार आवळलंत तर ढकलताना घाम फुटेल. काम झाल्यावर ओलं गवत काढा, पुसा, तेल द्या. बस्स.

वीतभर वाढलेल्या गवतापुढे हे मशीन हरतं, मान्य. पण दर आठवड्याला कापायच्या एवढ्याशा लॉनला पेट्रोल?

ऑफिसात सर्व्हरच्या मेंटेनन्ससाठी आपण बॉसशी भांडतो. मग भर उन्हात बोथट मशीन रेटणाऱ्या माणसासाठी अर्धा तास आणि तेलाची एक बाटली मिळू नये? आधी ते द्या, मग नव्या मशीनचं बोलू.