पैसे आपले, किल्ली दुकानदाराची

विषय कॉम्प्युटर गेमचा आहे. पण 'पोरांचे खेळ' म्हणून सोडून देऊ नका, पैसे आपल्याच खिशातून चाललेत.

उन्हाळ्यात भाचा लातूरहून आमच्याकडं नांदेडला आला. वर्षभर ट्यूशन एके ट्यूशन. परीक्षा संपली म्हणून बक्षिसाच्या पैशातून लॅपटॉपवर एक गेम विकत घेतला होता. दुपारी वारं सुटलं, लाईट गेली, नेट गेलं. लॅपटॉप चार्ज होता, गेम त्यातच होता, तरी सुरू होईना. म्हणे आधी ऑनलाईन येऊन ओळख पटवा! पोरगं म्हणलं, "मामा, हे विकत घेतलंय का भाड्यानं?"

प्रश्न बरोबर आहे. ऑनलाईन दुकानात आपण गेम घेत नाही, वापरायचा परवाना घेतो. युबिसॉफ्टनं 'द क्रू'चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले. पूर्ण पैसे मोजलेल्यांचाही गेम गेला.

मग दुकान बदला, स्पर्धा आहे की! आहे ना. स्टीम २००३ पासूनचं, विक्रीतले साधारण ३० टक्के कापून घेणारं. २०१८ ला एपिक १२ टक्क्यांवर उतरलं, वर फुकट गेम वाटू लागलं. पण हे भांडण कमिशनचं आणि गिऱ्हाईक ओढायचं. कुलूप नको म्हणून धंदा उभा केला तो पोलंडच्या जीओजीनं. तिथला गेम उतरवून पेनड्राईव्हवर ठेवा, एकट्यानं खेळायला नेट लागत नाही.

आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. कॉपी केलेल्या सीड्या आपणच हौसेनं घेतल्यात. पुण्यात 'राजी'सारखा गेम बनवणाऱ्यांची मेहनत बुडू नये, हे शंभर टक्के मान्य. पण फुकट्याला कुलूप तोडलेली प्रत मिळतेच आणि ती नेटशिवाय चालते. अडतो तो पैसे भरणारा.

कायदा बघा. कॉपीराईट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५अ आलं. हक्क बुडवायच्या हेतूनं असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे कुलपाला संरक्षण मिळालं. घेणाऱ्याचं काय?

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नियम आहे: 'खरेदी' म्हणून परवाना विकत असाल तर तसं स्पष्ट सांगा. कायम ऑफलाईन वापरता येईल अशी प्रत दिली तर सूट. आपल्याकडं २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहेच. त्याखाली एवढंच करा: पैसे भरायच्या बटणाशेजारी दोन ओळी. नेटशिवाय चालतो का? सर्व्हर बंद झाला तर काय?

या दोन ओळी सक्तीच्या झाल्या, की दुकानांना कुलपावरही स्पर्धा करावी लागेल.

नांदेड-लातूरच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा. गावाकडं नेट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून हा प्रश्न मुंबईपेक्षा आपला जास्त आहे. तोवर पोरांना एकच सांगा: किंमत बघायच्या आधी कुलूप बघा.

तुमचा असा अनुभव असेल तर खाली लिहा.