विकलेली रेल्वे परत घ्यावी लागते तेव्हा



खासगीकरणाचे गोडवे गाणारी मंडळी एस्टोनियाचे नाव मोठ्या कौतुकाने घेतात. कर कमी, सरकार लहान आणि तरीही प्रगती, असा त्यांचा दाखला असतो. मात्र त्याच देशातल्या रेल्वेचे काय झाले, हे ते सांगत नाहीत. ते आपण रेल्वेवाल्यांनी तरी माहीत करून घेतले पाहिजे.

बाल्टिक समुद्राकाठचा हा देश १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला. लोकसंख्या जेमतेम साडेतेरा लाख, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही कमी. १९९४ मध्ये तिथे गरीब-श्रीमंत सर्वांना सरसकट २६ टक्के आयकर लागू झाला. त्याच वर्षी सीम कालास यांनी रिफॉर्म पार्टी स्थापन केली. उजवीकडे झुकलेला, बाजारपेठेवर भिस्त ठेवणारा हा पक्ष. विशेष म्हणजे हेच कालास १९८९ ते १९९१ या काळात तिथल्या कामगार संघटनांच्या मध्यवर्ती संघाचे अध्यक्ष होते! तेव्हा नेत्याचा पूर्वेतिहास पाहून त्याचे धोरण ठरवू नये.

१९९९ मध्ये मार्त लार पंतप्रधान झाले. त्यांच्या आघाडी सरकारात रिफॉर्म पार्टी होती आणि अर्थखाते कालास यांच्याकडे होते. या सरकारने २००१ मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे ६६ टक्के भाग अमेरिकन व ब्रिटिश भांडवल असलेल्या एका कंपनीला विकले. किंमत १०० कोटी क्रून. गाड्याच नव्हेत, रूळसुद्धा गेले. रशियाचे तेल टालिनजवळच्या मूगा बंदरात नेण्याची वाहतूक तेव्हा जोरात होती. कंपनीने अमेरिकेतून वापरलेली इंजिने आणली, काही सुधारणाही केल्या. ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र कामगारांची संख्या घटली, आणि दुसऱ्या गाडीवाल्यांना रूळ किती खुले करायचे, त्याचे भाडे किती घ्यायचे, यावरून सरकार व कंपनी यांच्यात तंटा सुरू झाला. रूळ ज्याच्या हाती, त्याच्याच गाड्या त्यावर धावणार. मग दुसऱ्याला वाट कोण देणार?

अखेर जानेवारी २००७ मध्ये सरकारने ते भाग परत विकत घेतले. किंमत २३५ कोटी क्रून. त्या वेळी पंतप्रधान होते आंद्रुस आन्सिप, रिफॉर्म पार्टीचेच! विकताना ज्या पक्षाचा अर्थमंत्री, परत घेताना त्याच पक्षाचा पंतप्रधान. आघाडीतल्या इतर पक्षांचाही यात वाटा होता, हे खरे. पण जबाबदारी झटकता येणार नाही.

पुढचे ऐका. एप्रिल २००७ मध्ये टालिनमधले सोव्हिएत काळातले युद्धस्मारक हलवण्यावरून रशियाशी बिनसले आणि रशियाकडून येणारी मालवाहतूक घसरली. चलती होती तेव्हा मालक कंपनी, आणि मंदी आली तेव्हा मालक जनता!

प्रवासी वाहतुकीचा धडाही असाच आहे. २०१४ पासून ती सारी एल्रॉन या सरकारी कंपनीकडे आली. नव्या गाड्या आल्या, प्रवासी वाढले. सरकारी म्हणजे बुडीत, हे सूत्र तिथेच खोटे ठरले. आणि कमी कराचा अभिमान बाळगणाऱ्या याच पक्षाच्या, कालास यांच्या कन्या काया कालास यांच्या सरकारच्या निर्णयाने २०२४ मध्ये मूल्यवर्धित कर २० वरून २२ टक्के झाला.

यातून आपण काय घ्यायचे? पक्षाच्या नावावर जाऊ नये, करारावर जावे. कोणी रेल्वे विकायला निघाला, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. रूळ कोणाचे राहणार? मंदी आली तर तोटा कोण सोसणार? आणि परत घ्यायची वेळ आली तर किंमत कोण ठरवणार?

या तिन्ही प्रश्नांची लेखी उत्तरे हाती येईपर्यंत सह्या होऊ देता कामा नयेत. एस्टोनियात ही उत्तरे सहा वर्षांनी मिळाली, आणि त्यांचे बिल जनतेने भरले.