वेळेचा जमाखर्च

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यातल्या पत्रांत शाळेबद्दलची पत्रं फार आहेत. क्लास लावू की नको, मुलगा सकाळी उठतच नाही, आणि सगळ्यांत जास्त वेळा विचारलेलं म्हणजे, "इंग्रजी माध्यमातून काढून मराठी शाळेत घातलं तर मूल मागे पडेल का?" याचं तज्ज्ञाचं उत्तर माझ्यापाशी नाही. पण हाच प्रश्न आमच्या घरात येऊन बसला होता, आणि तो आम्ही सोडवायला घेतला. तेव्हा आज घरचंच सांगते. नावं ठेवायची तर मोकळेपणानं ठेवा.

२०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. चिरंजीव तेव्हा चौथीत होते. साताऱ्याच्या बाहेर, आमच्या घरापासून चांगल्या चौदा किलोमीटरवर एक नावाजलेली इंग्रजी शाळा आहे, तिथं जायचा. सव्वासहाला कोपऱ्यावर बस. थंडीत अंधारच असे. एका हातात दप्तर, एका हातात अर्धवट खाल्लेली पोळी, आणि डोळे मिटलेले. हे आठला कारखान्यात जात आणि जादा तास करून रात्री पावणेनऊला परत येत. मी दुपारी एका माध्यमिक शाळेत तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते, आणि संध्याकाळी पाच ते सात घरी शिकवणी. अकरा मुलं होती तेव्हा. आमचाही त्यांच्यातच, मागच्या ओळीत बसायचा.

एक दिवस त्यानं बोट वर केलं आणि म्हणाला, "मिस, पाणी पिऊ?"

मुलं खो खो हसली. मीही हसले. तोही हसला, कारण सवयीनं तोंडातून गेलं होतं. पण रात्री भांडी घासताना ते मला पुन्हा ऐकू आलं. स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या माठातलं पाणी प्यायला पोरगं परवानगी मागतंय, आणि तीही आईची नव्हे, मिसची. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, चूक झाली असेल." झाली होतीच की. पण कुणाची?

आमच्याकडे दूध-किराण्याची वही असते. तिच्याच मागच्या पानावर आम्ही त्या रविवारी पैशांऐवजी तास लिहिले. मुलाचे बसमध्ये रोज एक तास पन्नास मिनिटं. माझ्या शिकवणीत दोन तास. यांचे जादा तास आठवड्यातून चार दिवस, तीन-तीन. तिघं एका वेळी ताटावर बसतो ते फक्त रविवारी, तेही टीव्ही चालू असताना. मग पैसे मांडले. फी अठ्ठावन्न हजार, बस सोळा हजार, एकूण चौऱ्याहत्तर. आणि यांच्या जादा कामाचे वर्षाचे साधारण अठ्ठ्याहत्तर. हे बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. म्हणजे बाप रात्रीपर्यंत राबतो तो मुलाला पहाटे घरातून लांब नेणाऱ्या बसचं भाडं भरायला! वर उरतात ते चार हजार.

गंमत म्हणून वाण्याच्या काट्यावर दप्तर ठेवलं. सहा किलो दोनशे ग्रॅम. मुलाचं वजन सत्तावीस किलो. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड असू नये असं केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात म्हटलं आहे, म्हणजे आमच्या मुलाला पावणेतीन किलोच्या आत. तुम्हीही एकदा वजन करून बघा. फार वेळ लागत नाही.

मी स्वतः इंग्रजीची बाई, तेव्हा इंग्रजीशी माझं काही वैर नाही, हे आधीच सांगते. पण शिकवणीला येणाऱ्या सहावीतल्या एका मुलीला बाष्पीभवनाची इंग्रजी व्याख्या एका दमात तोंडपाठ होती. मी खिडकीकडे बोट दाखवून विचारलं, "मग दोरीवरचं ते धुणं कसं वाळतं?" ती गप्प. "उन्हानं," म्हणाली शेवटी. पण त्या धुण्याचा आणि आत्ता म्हटलेल्या व्याख्येचा काही संबंध असेल, असं तिच्या मनातही आलेलं नव्हतं. आमच्या मुलाचंही तेच होतं, फक्त मला ते इतके दिवस दिसलं नव्हतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. ते वाचून आम्ही निर्णय घेतला असं मात्र म्हणणार नाही. धोरण नंतर वाचलं, दोरीवरचं धुणं आधी पाहिलं.

घरापासून चालत आठ मिनिटांवर एक जुनी अनुदानित मराठी शाळा आहे. पाचवीपासून सेमी-इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. पाचवीला तिथं घालायचं असं ठरलं. 

खरा प्रश्न सासूबाईंचा होता. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत, त्या रडल्या. त्यांचे वडील कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात शिकलेले. कर्मवीरांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहात, स्वतः राबून शिकत. सासूबाई म्हणाल्या, "माझे वडील खोरं चालवून, भाकऱ्या थापून शिकले, ते कशासाठी? नातवंडांना ते करावं लागू नये म्हणून. आणि तुम्ही पैसे हातात असताना पोराला मागं नेताय." यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. ज्या घरात शिक्षणासाठी कुणी उपास काढलेत, त्या घरात महागडी शाळा ही नुसती हौस नसते, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हा सासूबाईंना हट्टी म्हणू नका. त्या काय धरून ठेवतायत ते आधी विचारा.

आता शाळा बघायला जाल तेव्हा काय बघायचं ते सांगते, कारण आपण बायका साडी घेताना पदर उलटून बघतो आणि शाळा मात्र फाटक बघून ठरवतो. आधी मुलींची स्वच्छतागृहं बघा, मुलगा असला तरी. ती स्वच्छ असली तर मुख्याध्यापकांचं लक्ष आहे असं समजा. मग एखादी जुनी वही मागा. चूक नुसती लाल शाईनं गोल केलीय, की शेजारी दोन शब्द लिहिलेत? वर्गात किती मुलं ते मोजा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक असं धरलंय. आम्ही पाहिलेल्या वर्गात एकेचाळीस होती, आणि तरी आम्ही तीच शाळा घेतली, कारण बाई त्या एकेचाळीस जणांना नावानं हाका मारत होत्या. मधल्या सुट्टीत जा. मुलं पळतायत की रांगेत बसलीयत, ते पाहा. आणि दाखल्याचं म्हणाल तर, जुन्या मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो. आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेला दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात आहे. आता मुलाची नोंद संगणकावरही असते, ती पुढे पाठवली का तेवढं विचारून घ्या.

(सकाळच्या शाळेबद्दलही विचारलंय बऱ्याच जणींनी. आमचा निर्णय झाल्यावर, फेब्रुवारी २०२४ मध्ये, राज्य सरकारनं पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. तुमच्या शाळेत ते पाळतात का, हे पालकसभेत विचारायला हरकत नाही.)

जून २०२४ मध्ये मुलगा नव्या शाळेत गेला. शाळा अकराची. आणि आम्हांला सकाळ मिळाली! साडेसहा ते आठ, सगळे घरात. यांनी जादा तास सोडले. मी शिकवणीची मुलं पाचवर आणली. महिन्याला तीन हजार सहाशे कमी झाले, ते जाणवतात. पाचातली एक मुलगीही तिच्या आईनं काढून नेली. म्हणाली, "स्वतःचा मुलगा मराठी शाळेत घालता, मग आमच्या मुलीला इंग्रजी काय शिकवणार?" दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

आता माझी चूक ऐका. मिळालेल्या वेळेचं मी काय केलं? वेळापत्रक! मास्तरीण ना शेवटी. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली, हातानं काम करता करता शिकायचं, हे बी. ए.ला असताना वाचलेलं होतं. ते मी फ्रिजवर चिकटवलं. साडेसहा, झाडांना पाणी. सात, तांदूळ निवडणं, त्यात मोजणी. सव्वासात, वर्तमानपत्राचं वाचन. बरोबर केलं की एक चांदणी. आठ दिवस उत्साहात गेले. नवव्या दिवशी तो तांदळाचं ताट समोर घेऊन म्हणाला, "आई, हे नुसतं निवडू का? मोजायचं नको." कागद मी तेव्हाच काढला. आणखी एक शाळाच उघडली होती मी घरात.

तेव्हापासून तो नुसतेच तांदूळ निवडतो. खडा सापडला की मला दाखवतो. यांच्याबरोबर सायकलचं पंक्चर काढतो, ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघत बसतो. एकदा त्यात वीस मिनिटं गेली आणि मी तोंडाशी आलेलं "चल, आवर" गिळलं. हल्ली असं एका कामात लक्ष ठेवण्याला मोठी इंग्रजी नावं आहेत, आणि ते शिकवायला मोबाइलवर पैसे घेऊन धडेही मिळतात म्हणे. आमच्याकडे एकच नियम झाला. रात्री आठ ते नऊ तिन्ही मोबाइल पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात. पहिल्याच रात्री डबा वाजायला लागला आणि सासूबाई हसून हसून ठसका लागेपर्यंत हसल्या. फोन नणंदेचाच होता.

हे सगळं ऐकून आमचं घर म्हणजे आश्रम झालंय असं समजू नका. खरं सांगायचं तर पहिले तीन महिने सगळ्यांत जड गेले ते यांना. संध्याकाळी पावणेसहाला माणूस घरी येतो आणि काय करावं ते त्याला कळत नाही. मुलाला सारख्या सूचना, माझ्या फोडणीवर शेरे. एकदा मीच म्हटलं, "तुम्ही जादा तास करत होता तेच बरं होतं." म्हणायला नको होतं. हे उठून बाहेर जाऊन बसले. लोणच्यासारखं असतं हो ते, माणूस घरात मुरायला वेळ लागतो. त्यातच कारखान्यात बढतीच्या वेळी यांचं नाव मागे पडलं. "तुम्हांला घराची ओढ जास्त," असं वरच्यांनी हसत हसत सांगितलं. ते बोलणं यांना अजून लागतं. त्याचा जमाखर्च वहीत कुठल्या बाजूला लिहावा, मला ठाऊक नाही.

आणि मुलगा? पहिला महिना रोज रडला. बसमधले मित्र सुटले. एका जुन्या मित्राच्या वाढदिवसाला बोलावणं आलं नाही, तेव्हा दिवसभर पांघरूण घेऊन पडून होता. मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ अजूनही आहे. पहिल्या सहामाहीत अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवरून बहात्तरवर आला. बोलतानाचं इंग्रजी अडखळतं, हे मी इंग्रजीची बाई म्हणून मान्य करते. रोज रात्री आम्ही दोघं इंग्रजी गोष्टीचं एक पान मोठ्यानं वाचतो, त्यानं थोडं सावरलंय. पण आता तो धुण्याबद्दल स्वतःहून विचारतो. परवा म्हणाला, "आई, पावसात ऊन नसतं, मग वारा सुटला की कपडे कसे काय वाळतात?" मी आधी पोहे परतायचे थांबवले, मग उत्तर दिलं.

आठवीतल्या मुलीबद्दल विचारणाऱ्या भगिनीला मात्र सांगते, घाई करू नका. नववी-दहावीच्या उंबरठ्यावर माध्यम बदलणं फार अवघड. त्यापेक्षा बस, क्लास, शिकवणी यांतलं एक काहीतरी कमी होतंय का ते बघा. आणि शाळा बदलायचीच नसेल तरी वहीचं मागचं पान मोकळं असतंच. एका आठवड्याचे तास लिहून मला कळवा, कोणाकडे काय निघालं ते.

आमचा मुलगा आता सहावीत आहे. सासूबाई नणंदेला फोनवर अजून शाळेचं नाव सांगत नाहीत. "इथं जवळच जातो," एवढंच म्हणतात. पण साडेदहाला त्याचा डबा भरायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलंय, आणि शाळेच्या फाटकापर्यंत सोडायलाही त्याच जातात.