उकाड्यांतील बर्फ

सातारा-सांगलीकडील घरांतून बर्फ म्हटला म्हणजे उसाच्या रसांतील खडा एवढाच डोळ्यांपुढें येतो. तेव्हां कृष्णाकांठावरून ऐन श्रावणांत उडणाऱ्या लहान विमानाचें इंजिन बर्फानें गुदमरूं शकतें, असें आम्ही म्हटल्यास वाचकांस तो विनोद वाटेल. परंतु गोष्ट खरी आहे. आणि आपल्या घरांतील मुलगे-मुलीही हल्लीं विमानविद्या शिकूं लागल्यामुळें ती वडीलधाऱ्यांनीं समजून घेण्याजोगी आहे.

तळहातावर पडलेला स्पिरिटचा थेंब उडून जातांना हाताची उष्णता घेऊन जातो व गारवा वाटतो. सेसना 152 सारख्या शिकाऊ विमानाच्या कार्बुरेटरमध्यें हेंच घडतें. तेथें पेट्रोलची वाफ होते, शिवाय अरुंद मार्गांतून जातांना हवा प्रसरण पावते. त्यामुळें आंतील उष्णतामान 20 ते 30 अंशांनीं उतरूं शकतें. बाहेर 25 अंशांची दमट हवा असली तरी तींतील बाष्प आंत गोठतें आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. उतरतांना झडप बहुतेक मिटलेली असते; तेव्हां हा धोका विशेष.

यावर उपाय आहे. एक खुंटी ओढली कीं धुराड्याच्या नळीभोवतीं तापलेली हवा कार्बुरेटरमध्यें शिरते व बर्फ वितळतो. मात्र येथें दोन मेखा आहेत. पहिली ही कीं, वितळलेलें पाणी आंत गेल्यानें इंजिन प्रथम अधिकच खडखडतें. नवशिका घाबरून खुंटी परत ढकलतो आणि औषध अर्ध्यावर टाकणाऱ्या रोग्यासारखी त्याची गत होते. दुसरी अशी कीं, ही ऊब इंजिनाचीच असते. इंजिन बंद पडलें कीं थोड्याच वेळांत उपायही थंडावला!

प्रवासी ने-आण करणाऱ्या टर्बाइन विमानांस कार्बुरेटर नसतो. तरी बर्फ त्यांनाही सोडीत नाहीं. 27 फेब्रुवारी 2001 रोजीं स्कॉटलंडांतील एडिंबरो येथून टपाल घेऊन निघालेलें शॉर्ट्स 360 जातीचें विमान त्यापूर्वीं सुमारें 17 तास हिमवर्षावांत उभें होतें. इंजिनांच्या मुखांवर झांकणें घातलेलीं नव्हतीं. उड्डाणानंतर कांहीं मिनिटांतच दोन्ही इंजिनें बंद पडलीं आणि दोघेही वैमानिक प्राणांस मुकले.

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपण मुलांस लहानपणींच शिकवितों. आकाशांत तर खणावयास जमीनही नसते. म्हणून घरांतील शिकाऊ वैमानिकास निरोप देतांना दहींसाखरेबरोबर एवढें अवश्य विचारावें: "उतरावयास लागण्यापूर्वीं ती खुंटी ओढावयाची असते, हें ध्यानांत आहे ना?"